वतन गेले, कंत्राट आले

माझ्या आत्याजवळ पाच ओळखपत्रे आहेत. पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीखाली, रबर लावून ठेवलेली. पाचांवर फोटो तिचाच आहे. वय मात्र एकाशी एक जुळत नाही आणि आडनाव प्रत्येकाने आपापल्या मनाप्रमाणे लिहिले आहे. पाच कार्डे म्हणजे पाच कंत्राटदार. कामाची जागा मात्र एकच : मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची दुमजली कचेरी. तिथला जिना, तिथल्या फरश्या, तिथले संडास आत्याने १९९९ पासून २०१८ पर्यंत, एकोणीस वर्षे झाडले आणि पुसले. पहिला कंत्राटदार चार वर्षे राहिला, दुसरा चार, तिसरा तीन, पुढचे दोघे चार-चार.

मी तिला एकदा विचारले, "कंत्राटदार बदलायचा तेव्हा काय व्हायचं गं?"

"काय व्हायचं? पाटी बदलायची. नवीन साहेब यायचा, म्हणायचा, मावशी, उद्यापास्नं आमच्याकडं. दोनदा म्हणाला, नको येऊ. मंग मी महिनाभर घरी. मंग परत बोलावलं."

ह्या संवादात आत्याला नाव नाही, ती 'मावशी' आहे. आपल्या प्रत्येक कचेरीत, बँकेत, शाळेत अशी एक मावशी असते आणि तिचे नाव विचारण्याची कुणाला गरज वाटत नाही. पण मला येथे नावाबद्दल लिहायचे नसून हिशेबाबद्दल लिहायचे आहे. काम सुटले त्या वेळी तिचा पगार महिन्याला ९,१०० रुपये होता. ग्रॅच्युइटीच्या कायद्याप्रमाणे महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज ३५० रुपये. वर्षाला पंधरा दिवसांचे ५,२५०. एकोणीस वर्षांचे ९९,७५०. हाती काय आले? शून्य. कारण १९७२ चा तो कायदा एका मालकाकडे सलग पाच वर्षांची सेवा मागत होता, आणि आत्याच्या पाच मालकांपैकी एकानेही पाच वर्षे पुरी केली नाहीत. एकोणीस वर्षे एकच जिना झाडणारी बाई कायद्याच्या दृष्टीने कुठेच टिकून राहिली नाही!

हा अपघात म्हणावा की व्यवस्था? मला ती व्यवस्था वाटते, आणि तिचे मूळ शोधायचे तर कारखान्यापासून नव्हे, गावच्या चावडीपासून सुरुवात करावी लागते.

चावडी ही गावातली सरकारी इमारत. ती झाडायची कुणी, रात्री राखायची कुणी, तिथे येणाऱ्या अंमलदाराचा घोडा धरायचा कुणी, वसुलीचा पैसा तालुक्याला पोचवायचा कुणी? महाराने. आजच्या भाषेत 'हाउसकीपिंग' आणि 'सेक्युरिटी' म्हणतात ती दोन्ही कामे त्याच्याकडे होती. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ह्या कामाला सरकारी मान्यताच दिली. मोबदला काय, तर इनामाचा एखादा तुकडा, नावाला मुशाहिरा आणि रयतेकडून मिळेल ते बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात ह्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांचा एक आक्षेप असा होता की वतनदार महाराला कामाचे तास नाहीत. तो दिवसरात्र कुणाच्याही हाकेला बांधलेला, आणि तो घरी नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाला त्याच्या जागी राबवले जाते. तो लढा तीस वर्षे चालला. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

वतनाचे एक वैशिष्ट्य येथे नीट ध्यानात घ्यावे. पाटील बदलो, मामलेदार बदलो, पेशवाई जाऊन इंग्रज येवो. चावडी झाडणारा महार बदलत नसे. मालक बदलला तरी चाकर तोच. ह्याला कुणी नोकरीची हमी म्हणेल तर तो क्रूर विनोद होईल. ती हमी नव्हे, बेडी होती. काम माणसाला चिकटलेले होते आणि माणसाला कामावर कोणताही हक्क नव्हता.

कंत्राटी पद्धतीने ह्यातले काय बदलले? काम अजून त्याच जातीजमातींना चिकटलेले आहे. शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही मोठ्या इमारतीत सकाळी सात वाजता जाऊन पाहावे. झाडू कुणाच्या हातात आहे? बौद्ध, कातकरी, ठाकूर, अलीकडे मराठवाड्यातून जगायला आलेले मातंग. जात बदलली नाही. सुटी झाली ती फक्त व्यक्ती. वतनात मालक बदलला तरी माणूस सुटत नव्हता. कंत्राटात मालक न बदलताही माणूस सुटतो. कारखान्याचा मालक तोच, इमारत तीच, केर तोच. मधला माणूस बदलला की बाई घरी. बेडी गेली, पण बेडीच्या जागी हक्क आला नाही. ह्या लेखात जो इतिहास मांडतो आहे तो ह्या रिकाम्या जागेचा.

मालक बदलल्यावर कामगाराचे काय, हा प्रश्न स्वतंत्र भारतात प्रथम गाजला तो महाराष्ट्रातच, आणि तोही मुंबईत नव्हे तर बार्शीत. कुर्डुवाडीहून एका बाजूला मिरज आणि दुसऱ्या बाजूला लातूर असा पसरलेला बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग एका खाजगी कंपनीच्या मालकीचा होता. १ जानेवारी १९५४ पासून तो सरकारने घेतला. कंपनीने कामगारांना नोटिसा दिल्या : आमच्याकडची तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारी रेल्वेने सामावून घेतले, पण जुन्या कंपनीकडून नोकरकपातीची भरपाई मिळावी की नाही ह्यावर वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. नोव्हेंबर १९५६ मध्ये न्यायालयाने सांगितले की धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती नोकरकपात नव्हे. सबब भरपाई नाही. ओरड झाली. १९५७ साली संसदेने औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली : उद्योगाचे हस्तांतर झाले तर जुन्या मालकाने भरपाई द्यावी, ती टाळायची असेल तर नव्या मालकाने कामगाराला खंड न पाडता, पूर्वीहून कमी नसलेल्या शर्तींवर आणि मागची सेवा धरून ठेवावे. म्हणजे तत्त्व मान्य झाले. मालक बदलला म्हणून कामगाराची मागची वर्षे पुसली जाऊ नयेत, हे १९५७ पासून ह्या देशाच्या कायद्यात आहे.

मग आत्याला ते का लागू पडले नाही? कारण कायद्याला दिसतो तो 'उद्योग'. रेल्वेला रूळ असतात, इंजिने असतात, स्टेशने असतात. ती एकाकडून दुसऱ्याकडे जातात तेव्हा हस्तांतर डोळ्यांना दिसते. सफाईच्या कंत्राटदाराकडे हस्तांतर करण्याजोगे असते तरी काय? बादल्या कारखान्याच्या, फिनेल कारखान्याचे, नळ कारखान्याचा. कंत्राटदाराचे स्वतःचे म्हणून एक हजेरीचे रजिस्टर. जुना ते काखेत मारून निघून जातो, नवा दुसरे घेऊन येतो. दोघांत काही व्यवहारच झाला नाही असे कायदा समजतो. त्यांच्यात जे खरोखर हस्तांतरित झाले, ते म्हणजे आत्या. पण ती मालमत्ता नाही, हे तिच्या विरुद्ध जाते.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न सरकारला ठाऊक नव्हता असे नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ साली रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली. तिने १९४६ च्या अहवालात स्पष्ट म्हटले की शक्य तेथे कंत्राटी मजुरी बंद करावी आणि जेथे शक्य नाही तेथे तिचे नियमन करावे. हे शहाणपण कायद्यात उतरायला आणखी चोवीस वर्षे लागली. मधल्या काळात, १९६० साली, तुर्भ्याच्या स्टँडर्ड व्हॅक्यूम तेल शुद्धीकरण कारखान्यातल्या सदुसष्ट सफाई-देखभाल कामगारांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यांची मागणी साधी होती : आम्ही कंत्राटदाराची माणसे नसून कारखान्याची माणसे आहोत. कंपनीच्या कामगारांना रजा, फंड, नोकरीची शाश्वती. ह्यांना त्यातले काहीच नाही. न्यायालयाने विचारले, हे काम कायमचे आहे ना? रोजचे आहे ना? कारखाना चालायला आवश्यक आहे ना? मग ते कंत्राटावर का? कंत्राटी पद्धत बंद करण्याचा लवादाचा निर्णय कायम झाला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या दहाव्या कलमात ज्या कसोट्या पुढे आल्या त्या ह्याच निकालातल्या. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे. भारतातला कंत्राटी कामगारांचा कायदा यंत्रावरच्या कामगाराने जितका घडवला, तितकाच झाडूवाल्याने घडवला.

त्या कायद्याखाली केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ रोजी एक अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, साफसफाई, धूळ पुसणे आणि राखण ह्या कामांवर कंत्राटी कामगार लावायला बंदी. उंच इमारतींच्या बाहेरच्या बाजूची, खास अनुभव लागणारी सफाई तेवढी वगळली. वाचताना मला चावडीच आठवली : झाडणे आणि राखणे. १९५९ साली वतनातून सुटलेल्या ह्या दोन कामांना १९७६ साली प्रथमच कागदावर हक्काचे रूप आले.

पण कायद्यात एक भगदाड होते. कंत्राट बंद केले तर त्या कंत्राटावर असलेल्या माणसांचे काय करायचे, ह्याबद्दल दहावे कलम चकार शब्द काढत नाही. परिणाम असा व्हायचा की बंदी येई आणि सर्वांत आधी कामगारच बाहेर जाई. औषधाने रोगी दगावावा तसे. मुंबईच्या एअर इंडियातल्या सफाई कामगारांच्या खटल्यात १९९६ साली न्या. के. रामस्वामी यांच्या खंडपीठाने हे भगदाड बुजवले : कंत्राट बंद झाले की मधला माणूस गळून पडतो आणि कामगार थेट मूळ मालकाचा होतो. न्या. रामस्वामी स्वतः दलित समाजातून आलेले होते, हे मी मुद्दाम नोंदवतो. निकाल जातीने लिहिला जात नाही हे खरे. पण झाडू कुठून येतो हे ठाऊक असलेला माणूस त्या खुर्चीवर होता, हेही खरे.

हा विजय पाच वर्षे टिकला. ३० ऑगस्ट २००१ रोजी पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एअर इंडियाचा निकाल रद्द ठरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही पुढच्या काळापुरती मोडीत काढली. प्रत्येक आस्थापनेचा स्वतंत्र विचार न करता सरसकट बंदी घातली, हा तिच्यावरचा दोष. आपोआप सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, म्हणून तसा हक्क नाही. कंत्राट हा निव्वळ देखावा आहे असे औद्योगिक न्यायालयात सिद्ध करा, मग पाहू. एक तुकडा मात्र ठेवला : बंदी आली आणि मालकाने कायम माणसे भरायचे ठरवले, तर जुन्या कंत्राटी कामगारांना प्राधान्य द्यावे आणि गरज पडल्यास वयाची व तांत्रिक नसलेल्या शिक्षणाची अट सैल करावी. त्याच वर्षी सिप्ला कंपनीच्या खटल्यात मुंबईच्या कंत्राटी कामगारांना सांगण्यात आले की अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली दाद मागण्याआधी तुम्ही त्या मालकाचे नोकर आहात हेच आधी दुसरीकडे ठरवून या. म्हणजे ज्या गोष्टीवर वाद, तीच आधी शाबीत करून आणायची.

देखावा सिद्ध करणे म्हणजे काय, ते मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्याने दाखवले. मिलिंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या ह्या संघटनेतले बहुसंख्य कामगार दलित. महानगरपालिकेने कचरा उचलण्याची कंत्राटे इतकी लहान तुकड्यांत दिली की प्रत्येक कंत्राटदाराकडे वीसपेक्षा कमी माणसे राहावीत, म्हणजे कायदाच लागू होऊ नये. कामगाराला कामगार न म्हणता 'स्वयंसेवक' म्हटले गेले. (घाण उचलण्याची ही स्वयंसेवा इतर कुठल्या समाजातल्या तरुणांना कशी सुचली नाही, हा प्रश्न पालिकेला कुणी विचारला नाही.) औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला, उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो उचलून धरला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. त्यानंतरही नावे जुळवण्याचा खेळ राहिलाच. एका कागदावर एक स्पेलिंग, दुसऱ्यावर दुसरे. आत्याची पाच कार्डे पाहिल्यावर ह्यातली मेख मला कळली.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो, कारण ठाणे जिल्ह्यात एक वेगळी वाटही काढली गेली आहे आणि आपल्याच कार्यकर्त्यांना तिची पुरती ओळख नाही. १९६९ साली अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून माथाडी कायदा झाला. त्याच वळणावर महाराष्ट्राने १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांचा कायदा केला आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षारक्षक मंडळ स्थापन झाले. ह्यातली कल्पना अशी : रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, मालकाची नोंदणीही मंडळाकडे. मालक पगार आणि त्यावरची ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरतो. पगार, फंड, ग्रॅच्युइटी, रजा, बोनस मंडळ पाहते. एखाद्या कारखान्याला रक्षक नकोसा झाला तर तो रस्त्यावर येत नाही. मंडळाकडे परत येतो आणि दुसरीकडे पाठवला जातो. दरवाजा बदलतो, पण नोकरी आणि मागची वर्षे रक्षकाबरोबर चालत जातात. नोकरी मधल्या माणसाच्या खिशातून काढून कामगाराच्या अंगावर ठेवण्याची ही युक्ती आहे. ती कुठल्या परक्या देशातून आणलेली नाही, इथल्या हमालांनी शोधलेली आहे.

तिच्यात पळवाटा आहेत. मंडळाइतके किंवा जास्त लाभ देतो असे दाखवणाऱ्या एजन्सीच्या रक्षकांना कायद्यातून सूट मिळू शकते, आणि सूट मिळवणे हाच काही एजन्सींचा मुख्य धंदा झाला. मुरबाडच्या वसाहतीत आणि नाशिक महामार्गावर वासिंद-आसनगावपासून उभ्या राहिलेल्या गोदामांत बारा-बारा तास उभी राहणारी किती पोरे मंडळाची आहेत, हे फाटकावर जाऊन विचारावे. बहुतेकांना मंडळ नावाची चीज आहे हेच माहीत नसते. तरी राखणाऱ्याला निदान कायदा आहे. झाडणाऱ्याला तेवढाही नाही. चावडीच्या दोन कामांपैकी एकाला मंडळ मिळाले, दुसऱ्याला का मिळाले नाही? माथाडींच्या मागे सातारा-सांगलीकडच्या मराठा समाजाचे संख्याबळ होते आणि विधानसभेत त्यांचा आवाज होता. झाडूवाल्यांच्या मागे कोण होते? आपण होतो का? मला प्रामाणिकपणे सांगावेसे वाटते की नव्हतो. आपल्या संघटनांनी राखीव जागांचा अनुशेष मोजला, पदोन्नतीसाठी मोर्चे काढले, आणि ते योग्यच होते. पण ज्या चतुर्थ श्रेणीच्या पायरीवरून आपली पहिली पिढी सरकारी कचेरीत शिरली, ती पायरीच कंत्राटात उखडली जात असताना आपण पुरेसे ओरडलो नाही. लाल बावट्याच्या युनियनांनाही येथे सोडता येत नाही. कायम कामगारांचा करार करताना त्याच छपराखालच्या कंत्राटी बाया त्यांना दिसल्या नाहीत.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. तो एका विद्यार्थ्याने वर्गात उभे राहून मला घेतला. "सर, बाबासाहेबांनी सांगितलं हे धंदे सोडा, आणि तुम्ही झाडूची नोकरी पक्की करायला निघालात?" त्याला उत्तर देताना मी अडखळलो होतो, हे कबूल करतो. कारण त्याच्या शंकेला आधार आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून कायम सफाई कामगाराच्या वारसाला त्याच कामावर घेण्याची पद्धत राज्यात चालत आली. कुटुंबे जगली, पण झाडू बापाकडून मुलाकडे गेला. ते एक प्रकारचे नवे वतनच होय. मग मी आत्याचा हिशेब पुन्हा केला. बदली चुकू नये म्हणून ती आजारी पडली की सुनेला पाठवायची. वतनदार घरी नसला तर घरातला माणूस पाठवावा लागे, अगदी तसेच. जिची नोकरी डळमळीत तिलाच पोरीसुना झाडूला जुंपाव्या लागतात. ९९,७५० रुपये हाती असते तर नातीचा नर्सिंगचा प्रवेश त्या वर्षी हुकला नसता. काम सोडण्याची ताकदसुद्धा कामाच्या हक्कातूनच येते. पक्की मागायची ती नोकरी. वारशाने झाडू मिळण्याचा 'हक्क' मात्र आपण होऊन नाकारावा. ह्या दोन गोष्टींत गल्लत करू नये.

बाहेरच्या जगात हा प्रश्न सुटला आहे असे नव्हे, पण निदान ओळखला गेला आहे. युरोपीय समूहाचा मालकबदलासंबंधीचा निर्देश १९७७ चा. जर्मनीतल्या एका लहान बँकेच्या शाखेत एकच सफाईवाली होती. बँकेने सफाई कंत्राटावर दिली आणि तिला काढले. १९९४ साली युरोपीय न्यायालयाने सांगितले की एकट्या बाईचे काम दुसऱ्याकडे गेले तरी तो निर्देश लागू होऊ शकतो. पुढे १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने हात आखडता घेतला : नुसता कंत्राटदार बदलणे म्हणजे हस्तांतर नव्हे. ब्रिटनने २००६ च्या नियमांत सेवेचा कंत्राटदार बदलणे हेही हस्तांतर ठरवून टाकले. न्यूयॉर्क शहराने २००२ साली इमारतींच्या सेवकांसाठीच कायदा केला : इमारतीचा मालक किंवा कंत्राटदार बदलला तरी नव्याने जुन्या माणसांना निदान नव्वद दिवस ठेवलेच पाहिजे. नव्वद दिवस म्हणजे फार काही नाही. पण "मावशी, उद्यापास्नं नको" हे वाक्य तिथे बेकायदा आहे.

आपण मात्र उलट दिशेने निघालो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा त्यांत विसर्जित झाला. नवी संहिता म्हणते, मुख्य कामावर कंत्राटी कामगार लावू नयेत. ऐकायला चांगले आहे. मग मुख्य काम कोणते नव्हे ह्याची यादी येते : झाडलोट, साफसफाई, धूळ पुसणे, कचरा उचलणे; राखण आणि सुरक्षा; उपाहारगृह, बागकाम, धुलाई. १९७६ च्या अधिसूचनेत जी कामे कंत्राटाला बंद होती तीच कामे, जवळजवळ त्याच शब्दांत, आता कंत्राटाला मोकळी. आस्थापनाच सफाईसाठी काढलेली असेल तरच ती मुख्य. शिवाय हा भाग लागू व्हायला पन्नास कंत्राटी माणसे हवीत. शहापूर-मुरबाडातल्या कुठल्या इमारतीत पन्नास झाडूवाल्या आहेत?

सरकार स्वतः मालक असते तिथेही चित्र निराळे नाही. आश्रमशाळांतल्या कामाठी-स्वयंपाक्यांपासून शिक्षकांपर्यंत वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबलेल्या माणसांच्या जागा बाह्यस्रोतातून भरण्याचे ठरले, तेव्हा जुलै २०२५ मध्ये ती माणसे बिऱ्हाड घेऊन नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बसली. 'बाह्यस्रोत' हा शब्द पाहा. माणूस दहा वर्षे आत आहे आणि त्याचा स्रोत बाहेरचा! उलट शहापूर आणि मुरबाड ह्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. अशा वेळी मालक कागदोपत्री बदलतो, आणि तेव्हा जुन्या कर्मचाऱ्यांच्या समावेशनाचा प्रश्न निदान प्रश्न म्हणून मानला जातो, त्यासाठी शासन निर्णय निघतात, याद्या होतात. बार्शीचे तत्त्व तिथे चालते. कंत्राटदाराच्या माणसाजवळ आले की थांबते. भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक २०१४ पासून कामगाराबरोबर फिरू लागला आहे. रुपये फिरतात, मग वर्षे का फिरू नयेत?

आम्ही काही शिक्षक आणि कार्यकर्ते मिळून सध्या एवढेच करतो आहोत. तालुक्यातल्या सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांची सफाई व राखणीची निविदा निघते, तिच्या शर्तींत दोन ओळी घालाव्यात असे निवेदन तयार केले आहे : नव्या कंत्राटदाराने जुन्या कामगारांना किमान नव्वद दिवस ठेवावे, आणि ठेवल्यास त्यांची त्या इमारतीतली मागची सेवा ग्रॅच्युइटीसाठी धरावी, तो बोजा धरूनच दर भरावेत. ह्याला विधानसभेचा कायदा लागत नाही. निविदा काढणाऱ्याला शर्ती घालता येतात. पिशवीबंद फिनेल कुठल्या प्रतीचे हवे हे निविदेत लिहिता येते, तर बाईची वर्षेही लिहिता येतील. खाजगी कारखान्यांसाठी सुरक्षारक्षकांच्या धर्तीवर सफाई कामगारांचे मंडळ, ही दुसरी आणि लांबची मागणी.

निवेदनाला पुरावे जोडायचे म्हणून प्रत्येकाकडून जुनी ओळखपत्रे, पगाराच्या पावत्या, मिळतील ते कागद गोळा करतो आहोत. पुष्कळांकडे काहीच नाही. कंत्राटदार जाताना कार्ड परत घेऊन जातो. आत्याने मात्र पाचही वेळा "हरवलं" म्हणून सांगितले होते. म्हसोबाच्या जत्रेच्या आदल्या दिवशी ती मुरबाडला आली, पाचही कार्डांच्या झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढून दिल्या, आणि मूळ कार्डे मोजून परत घेतली.